जामीन मंजूर झाला, पोरगं मात्र आतच

गेल्या डिसेंबरातली गोष्ट आहे. संध्याकाळी वर्कशॉप बंद करायच्या वेळेला आमच्याकडच्या पोराची आई दारात येऊन उभी राहिली, आत या काकी म्हटलं तरी येईना, पदराचं टोक हातात गुंडाळत म्हणाली, "दादा, पोराचा जामीन झाला. पण सातबारा असलेला माणूस लागतोय म्हणं." आणि मग काहीच बोलली नाही. मीही लगेच हो म्हणालो नाही, हे आधी लिहून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन लेथ, एक ड्रिल, एक जुनं शेपर. पोरगं आयटीआय करून सतराव्या वर्षी आलं आमच्याकडं. नाव लिहीत नाही, गाव लहान आहे. हात इतका चांगला की जॉब चकात धरल्यावर डायल लावायच्या आधीच बोट टेकवून सांगायचं, "दादा, हे हलतंय." आणि हलत असायचं. असं पोरगं गणपती विसर्जनाच्या रात्री दोन मंडळांच्या मारामारीत सापडलं. मिरवणुकीत पुढं कोण जायचं, डॉल्बी कुणाची आधी, यावरून सुरू झालं आणि पलीकडच्या एका पोराचा हात मोडला, डोक्याला ११ टाके पडले. फिर्यादीत ९ नावं, आणि नेहमीप्रमाणे 'इतर १५ ते २०'. नऊ नावांत आमचं एक. तो तिथं होता हे तो स्वतः कबूल करतो. मारलं का, किती मारलं, हे कोर्ट ठरवेल, मी ठरवत नाही आणि त्याची बाजू मांडायला पण बसलेलो नाही.

खरं सांगायचं तर पहिले आठ दिवस मला वाटलं होतं की बरं झालं, जरा अद्दल घडू दे. आपल्याकडं सगळ्यांना असंच वाटतं. त्याच सुमाराला फोनवर एक व्हिडिओ फिरत होता, कुठल्या तरी गावातली पोरं, पोलीस त्यांना भर चौकातून चालवत नेतायत, दोघं लंगडतायत, कान धरून म्हणायला लावलंय की परत असं करणार नाही, आणि खाली हजारभर कमेंट, 'साहेब सॅल्यूट', 'हीच भाषा कळते यांना'. मी पण तो आमच्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला होता. त्या पोरांवर गुन्हा सिद्ध झालेला नव्हता, खटलासुद्धा सुरू झालेला नव्हता, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. आता तो व्हिडिओ आठवला की त्यातल्या लंगडणाऱ्या पोराचे पाय आठवतात, एका पायात चप्पल नव्हती. आमच्या काकींनी तो बघितला असता तर काय झालं असतं असं वाटतं.

पोलिसांनी अटक करताना काय करायचं आणि काय नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९९६ सालीच डी. के. बसू खटल्यात लिहून दिलंय. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी, अटकेचा मेमो हवा, त्यावर साक्षीदाराची सही हवी, घरच्यांना कळवायला हवं, आरोपीची वैद्यकीय तपासणी हवी. २०१४ साली अर्नेश कुमार निकालात सांगितलं की सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, आधी नोटीस द्यायची, गरज असेल तरच अटक आणि ती गरज लिहून दाखवायची. २०२० मध्ये सांगितलं प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही हवेत. म्हणजे नवीन काहीतरी परदेशातून आणायचंय असं नाही, कागदावर आहे सगळं. पण कलम वाढलं की सगळं बदलतं. मारामारीवर 'खुनाचा प्रयत्न' लागला, लोक ज्याला हाफ मर्डर म्हणतात ते, की सात वर्षांची मर्यादा संपली, मग पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, मग जेल. आमच्या पोराचं तेच झालं. पहिला जामीन अर्ज फेटाळला, दुसरा डिसेंबरात मंजूर झाला, २५ हजारांचा जातमुचलका म्हणजे त्याचं स्वतःचं हमीपत्र, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार.

आता हा जामीनदार प्रकार ज्याला करावा लागलाय त्यालाच कळतो. मला वाटलं होतं, २५ हजार भरायचे आणि पोरगं बाहेर. तसं नसतं. तेवढी ऐपत असलेला माणूस दाखवायचा असतो, सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड, तहसीलचा ऐपतीचा दाखला म्हणजे सॉल्व्हन्सी, रेशन कार्ड, आधार, फोटो. काकी चार घरची धुणीभांडी करतात, भाड्याच्या दोन खोल्या, त्यांच्या ओळखीत ज्याच्या नावावर जमीन आहे असा माणूस म्हणजे मी. आणि माझा गाळा भाड्याचा. कागलकडं गावी जमीन आहे पण सातबारा सामाईक, चार चुलतभावांची नावं, त्यातला एक पुण्यात, जामीन हा शब्द ऐकला आणि त्यानंतर त्याने फोनच उचलला नाही. राग नाही त्याच्यावर, मी तरी कुठं लगेच हो म्हणालो होतो. उद्या पोरगं पळून गेलं तर? आपल्या नावावर बोजा आला तर? आमच्याकडं माल देणाऱ्यांना कळलं तर? चार दिवस मी बघतो बघतो करत काढले. ते चार दिवस तो आत होता, हे मला आता हिशोबाला लागतंय.

कोर्टाच्या बाहेर एक माणूस भेटला, त्याने हळूच विचारलं, जामीनदार पाहिजे काय, ७ हजारात देतो, कागद तयार आहेत. म्हणजे ज्या पोराच्या मागं खरोखर ओळखीची माणसं आहेत त्याला कागद नाही म्हणून आत ठेवायचं, आणि ज्याला आरोपीचं तोंड माहीत नाही असा भाड्याचा माणूस उभा केला की सोडायचं. यात पळून जाण्याची भीती कुठं कमी झाली, सांगा मला.

शेवटी बायकोच म्हणाली. रात्री जेवताना मी परत तेच रडगाणं सांगत होतो, तर म्हणाली, "फ्लॅट माझ्या नावावर हाय न्हवं? मग माझं नाव घाला की." प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती, सगळं गोळा करून ती उभी राहिली. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, आरोपीला किती वर्षं ओळखता, तो तारखेला आला नाही तर ही रक्कम तुम्हाला भरावी लागेल, माहिती आहे का? बायको म्हणाली, "हो मॅडम, तीन वर्षं. दुपारी माझ्या हातचं जेवतो तो." टायपिस्टच्या बोटांचा आवाज थांबला आणि परत सुरू झाला, एवढंच. सही झाली. जामीन मंजूर झाल्यापासून तो बाहेर पडेपर्यंत २३ दिवस गेले.

नंतर वाचलं तेव्हा जास्त वाईट वाटलं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टापुढं मोतीराम नावाच्या एका गरीब गवंड्याची केस आली होती, मध्य प्रदेशातली. त्याला १० हजारांचा जामीनदार आणायला सांगितला, भाऊ तयार होता तर त्याची जमीन दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते चुकीचं ठरवलं, गरिबाला ऐपतीबाहेरची रक्कम आणि जिल्ह्यातलाच माणूस मागणं म्हणजे जामीन नाकारण्यासारखंच आहे हा त्या निकालाचा अर्थ. आणि ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने परत सांगितलं की जामीन मंजूर होऊन सात दिवसांत कैदी सुटला नाही तर जेलने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, त्यांनी माणूस पाठवून अडचण काय ते बघायचं, आणि महिनाभरात जामीनपत्र झालं नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करता येतात का ते बघायचं. आमच्या काकींना त्या सात दिवसांत किंवा त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी पैशाची मदत करायची केंद्राची योजना २०२३ पासून आहे, तेही आम्हाला पोरगं घरी आल्यावर कळलं. काकींनी वकिलाचे पैसे भिशीतून उचलले होते. अजून फेडतायत.

आता मुद्द्याचं. तो आत असताना काय झालं ते त्याने मला फेब्रुवारीत एकदा सांगितलं, मशीन बंद होतं, लाईट गेली होती, अंधारात सांगितलं. झोपायला जागा कमी, कुशीवरच झोपायचं, रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला उठवायचं. ते सोसलं म्हणाला. पण बरॅकीत दोन मोठी पोरं होती, त्यांनी त्याला साबण दिला, बिस्किटं दिली, घरचं कोण भेटायला येतं का विचारलं, आणि म्हणाली, "बाहेर आलास की भेट. तुला आता कोण काम देणार? आम्ही बघतो तुझं." मी विचारलं, मग तू काय म्हणालास? तर म्हणाला, "काय म्हणणार दादा, तुम्ही परत घेणार का नाही ते मला तरी कुठं माहीत होतं."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. माझ्या मते आपल्या सगळ्यांची सुरक्षितता त्या दिवशी त्या एका वाक्यावर लटकली होती. वर्कशॉपचं दार बंद असतं तर दुसरं दार उघडं होतंच, बिस्किटांसकट. आणि मग तीन वर्षांनी मोक्का लागला असता, तडीपारी झाली असती, आपण परत म्हणालो असतो की बघा, ही जातच तशी, सोडायलाच नको होतं.

देशात २०२२ च्या अखेरीस जेलमध्ये ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती आणि त्यातली साधारण ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. १०० जणांच्या जागेत १३१. हे एनसीआरबीचे, सरकारचेच आकडे आहेत. आपण ज्याला 'कडक कारवाई' म्हणतो त्यातला मोठा भाग निकालाच्या आधीच भोगून होतो आणि निकाल लागेपर्यंत सगळे दमलेले असतात, फिर्यादी पण. फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यात, बीएनएसएसच्या कलम ४७९ मध्ये, पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला की सोडायची तरतूद आहे, आधी सगळ्यांना अर्धा होता. चांगलं आहे. पण जन्मठेप होऊ शकते अशा कलमांना ते लागू नाही, म्हणजे परत तेच, कलम कुठलं लावलं यावर सगळं. ५ हजारांच्या आतली पहिली चोरी, वस्तू परत दिली, तर शिक्षा म्हणून समाजसेवा, हेही १ जुलै २०२४ पासून कायद्यात आलंय. मला ते मनापासून पटतं. पंचगंगेच्या घाटावर निर्माल्य उचलायला लावा सहा महिने, रोज, लोकांदेखत पण माणसासारखं. ते धिंड काढण्यापेक्षा जास्त लक्षात राहतं.

कोल्हापुरात राहून हे सगळं नवीन आहे असं म्हणायचं तर लाज वाटेल. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या होत्या. गावोगाव हजेरी असायची, माणसाने काही केलेलं असो नसो, पाटलापुढं जाऊन मी इथंच आहे म्हणून सांगायचं. शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात ही हजेरी बंद केली. देशात तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं. आणि महाराज हजेरी बंद करून थांबले नाहीत, ज्या फासेपारध्यांना लोक चोर म्हणून हाकलायचे त्यांना सोनतळीला वसवलं आणि पहाऱ्याच्या कामावर ठेवलं. पहाऱ्याच्या! ज्यांच्यापासून राखायचं म्हणून सगळे ओरडत होते त्यांच्याच हातात राखण दिली. अस्पृश्य समाजातल्या माणसांना वकिलीच्या सनदा दिल्या, म्हणजे कोर्टात गरिबाची बाजू मांडायला त्यांच्यातलाच माणूस उभा राहावा. हे शंभर वर्षांपूर्वी. आणि सुप्रीम कोर्टाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावं लागलं की जेलमध्ये जातीवरून कामं वाटू नका आणि भटक्या-विमुक्तांना सराईत गुन्हेगार म्हणून वेगळं काढू नका. दसरा चौकातून गाडीवरून जाताना पुतळ्याला आपण सगळे हात जोडतो. बसचा पाकीटमार पकडला की आधी कुठल्या वस्तीतला म्हणून विचारतो, ते पण आपणच.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, तिथं १९३९ मध्ये औंधच्या राजांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या सांगण्यावरून खुली वसाहत काढली, शिक्षा झालेले कैदी, त्यातले कित्येक खुनाचे, बायकापोरांसह शेती करून राहायचे, भिंत नाही. पुढं त्यावर हिंदी सिनेमाही आला. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात, गाडीने दोन-अडीच तासांवर. आणि इथं आपल्या कळंबा जेलमधल्या कैद्यांनी केलेले लाडू काही वर्षं अंबाबाईचा प्रसाद म्हणून आपण कपाळाला लावून खाल्ले. त्यांच्या हातचा प्रसाद चालतो तर ते सुटून आल्यावर त्यांच्या हातचं काम का चालत नाही? आमच्याकडं दोन गिऱ्हाइकांनी विचारलं, "त्याला अजून ठेवलाय व्हय?" एकाने काम बंद केलं. दुसऱ्याने नाही केलं, मी त्याचा आभारी आहे.

मला मित्र म्हणतात, तुझं पोरगं म्हणून तुला कळवळा. पानसरे अण्णांच्या बाबतीत म्हणशील का असं? म्हणून तेही लिहितो. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी कॉम्रेड गोविंद पानसरे, म्हणजे आमचे अण्णा, यांच्यावर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या, २० ला अण्णा गेले. कोल्हापूरचा एक कोपरा त्या दिवसापासून दुखरा आहे, माझाही. जानेवारी २०२५ मध्ये हायकोर्टाने त्या खटल्यातल्या सहा आरोपींना जामीन दिला, खटला संपत नाही आणि वर्षानुवर्षं आत ठेवलंय या कारणाने. मला त्या दिवशी घशाखाली घास गेला नाही. पण नियम म्हणजे नियम, माझ्या पोराला एक आणि ज्यांचा मला राग आहे त्यांना दुसरा असं नाही करता येत. माझी मागणी त्यांना जामीन देऊ नका अशी नाही, दहा वर्षं खटला संपत का नाही अशी आहे. अण्णा स्वतः वकील होते, गरिबांच्या केसेस लढायचे, त्यांच्या माणसांना तरी वेळेत न्याय मिळायला हवा होता. आता १८ ऑगस्ट २०२५ पासून आपल्याकडं हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांना मुंबईला पळावं लागत नाही, चाळीस वर्षं वकिलांनी आणि गावाने भांडून मिळवलंय ते. माझी आशा आहे त्यावर, खरंच.

पोलिसांबद्दल पण एक. विसर्जनाची मिरवणूक आपल्याकडं दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, बंदोबस्ताचा हवालदार तेवढा वेळ पायावर. त्याच माणसाने मग तपास पण करायचा, पंचनामा पण, कोर्टाची तारीख पण, व्हीआयपी आला की तिथं पण. तपास नीट झाला नाही तर सुटतात ती मुरलेली माणसं, ज्यांच्याकडं वकील आणि कागद दोन्ही असतात, आणि अडकतात ही आमची अशी. पोलिसांना सुट्टी द्या, माणसं भरा, तपासाची माणसं बंदोबस्तातून वेगळी काढा. यातलं शेवटचं तर सुप्रीम कोर्टाने प्रकाश सिंग खटल्यात २००६ लाच सांगितलेलं आहे. आणि पेठेतल्या तालमींचं काय? आमच्या लहानपणी दोन पोरं भिडली की वस्ताद दोघांना आखाड्यात उतरवायचे आणि नंतर एका तांब्यातलं दूध प्यायला लावायचे. सगळं चांगलंच होतं असं नाही, वस्तादांची भीती पण होती आणि बायकांच्या बाबतीतली प्रकरणं तिथंच दाबली जायची, ते नको. पण सोळा-सतरा वर्षांच्या पोराला नाव घेऊन हाक मारणारा एक मोठा माणूस पेठेत असायचा. आता मंडळाकडं डॉल्बीला लाखभर रुपये असतात, संध्याकाळी पोरांबरोबर बसणारा कुणी नसतो.

राहिला तो हात मोडलेला पोरगा. त्याचं मी सगळ्यात शेवटी लिहितोय आणि तेच चुकतंय, सगळे असंच करतात. त्याचे वडील दर तारखेला येतात, टोपी, हातात मेडिकलची पिशवी, कामावरचा खाडा करून. खटल्यात ते फक्त फिर्यादी पक्ष, सरकारी वकिलांना त्यांच्याशी बोलायला वेळ नसतो, तारीख पडली एवढंच शिपाई सांगतो. एकदा एवढं कळलं की पोराच्या हातातली सळी काढायचं ऑपरेशन अजून राहिलंय. अशा जखमी माणसाला भरपाई मिळू शकते, राज्याची योजना आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करायचा असतो, १५१०० वर फोन केला तरी माहिती मिळते. त्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही. मी सांगायला उठलो होतो, तर आमच्या वकिलांनी हात धरून खाली बसवलं. "फिर्यादीच्या माणसाशी बोलू नका, साक्षीदार फोडतोय म्हणून जामीन रद्द करायला लावतील." त्यांचं बरोबर आहे. नियम असा का आहे तेही कळतं, धमक्या देणारी माणसं असतातच. म्हणून एका बाकावर मी, काकी आणि पोरगं, समोरच्या बाकावर ते दोघं बापलेक, मध्ये चार फूट फरशी, आणि दोन्ही पोरं आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून.

विधी सेवेच्या ऑफिसात जाऊन, नावं न सांगता, असा असा एक जखमी पोरगा आहे, त्याच्यापर्यंत तुमचा माणूस पोचेल का असं विचारायचं ठरवलंय. वकील म्हणाले तसं करता येईल, पण मी बरोबर असेन. पुढची तारीख २२ ची आहे, त्याच्या आधीच जाऊन येतो.